तुझ्या बाजूची सुई

नाशिकरोड,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय चांगुणा,

सप्रेम जय भीम. तुझा रामराम तू घातलासच, असं धरून पुढे लिहिते.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुम्ही कळवणला सगळे खुशाल असाल. सावळीरामभाऊंचा गुडघा कसा आहे? कांदे लावून झाले का? सोबत तिळगूळ पाठवते आहे. आपण एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत शेजारी होतो तेव्हा दर संक्रांतीला तूच माझ्या दारात वाटी घेऊन उभी राहायचीस, "गोड बोलायचं बरं का, हापिसवाले," असं दरडावत. तीन संक्रांती झाल्या, कोणी दरडावलं नाही, म्हणून यंदा मीच पाठवते. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललासच तर तुझ्या मळ्यातली रेंज बरोबर तेव्हाच जाते.

मागच्या महिन्यात कॉलनीकडे चक्कर मारली. आपण गप्पा मारत बसायचो तो ओटा आहे तसाच आहे. आपली गोधडीची बैठक मात्र आता इथे विहाराच्या मागच्या खोलीत भरते, दर रविवारी दुपारी. दोघींनी सुरू केलेल्या बैठकीला आता चौदा जणी येतात, बोल! माझ्या शेजारची योगिनी कॉलेजात आहे, ती क्रोशाची तोरणं विणते. सावित्रीबाई माझ्याबरोबर गोधडीवर बसतात. मार्चमध्ये गंगापूर रोडला एका हॉलमध्ये प्रदर्शन ठेवलं आहे. रंग कोण जुळवणार, असं सगळ्या विचारतात. तू गेल्यापासून आमच्या गोधड्या शाळेच्या गणवेशासारख्या दिसायला लागल्या आहेत. तू ये. चांगली आठ दिवस राहा.

एक बोलायचं राहिलं. मागच्या प्रदर्शनातून तू रागावून निघून गेलीस. कारण माझ्या लक्षात आलं आहे. बक्षीस घेताना पाहुण्यांसमोर तुझं नाव घ्यायचं माझ्याकडून गडबडीत राहून गेलं. माझं चुकलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत एवढं चालायचंच, नाही का? झालं गेलं विसरून जावंस, ही विनंती.

माझी तब्येत ठणठणीत आहे. काळजी नसावी.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
तुझी मैत्रीण
सुमन


कळवण
२६ तारीक

सुमनबाईस चांगुणाचा रामराम.

तिळगूळ पोचला. गूळ जरा कमी पडला. पत्र आधी नातीनं वाचलं, मग मी वाचलं. चौथी शिकले हाय, तेवढं येतं.

अक्षर तुझं नाय. गोष्ट बी तुझी नाय. नाव घेतलं नाय म्हणून रुसायला मी काय नवी नवरी हाय का? जे हाय ते लिही. नाय तर तिकिटं वाया घालू नको.

कांदे लावून झाले. ह्यांचा गुडघा तसाच हाय.

चांगुणा


नाशिकरोड,
२ फेब्रुवारी, रविवार

चांगुणा,

तुझं कार्ड आलं. वाचून आधी राग आला, मग हसू आलं.

हे अक्षर बघ. हे माझं आहे. कागदावर कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसतंय ना? ऑफिसात तीस वर्षं जिच्या अक्षराची वाखाणणी व्हायची, तिचं हे असं झालंय. पहिलं पत्र योगिनीच्या हातचं होतं. मी सांगायचे, ती लिहायची, आणि वाचून दाखवलं की मी फाडायला लावायचे. तिसऱ्या खेपेला ते गुळगुळीत पत्र तयार झालं. या पत्रात खोडाखोड आहे. राहू दे. पुन्हा लिहायला बसले तर मी परत शहाणपणा करीन.

आधी तब्येतीचं. ठणठणीत वगैरे काही नाही. कंपवात म्हणतात याला. गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. गोळ्या चालू आहेत, जिवाला धोका नाही, पण चहाचा कप बशीत वाजत राहतो. आमचा लेक संघर्ष म्हणतो, पुण्याला आमच्याकडे ये. मी म्हटलं, तिथे माझ्या चिंध्यांचे गठ्ठे कुठे ठेवशील?

आता ते दुसरं.

(इथे तीन ओळी खोडल्यात. वाचायला जाऊ नकोस.)

तुझं नाव घ्यायला मी विसरले नव्हते. ते कारण मी शोधून काढलं, कारण ते लहान होतं आणि मला झेपणारं होतं. खरं काय ते तुला माहीत आहे, तरी माझ्याच तोंडून ऐकायचंय तुला. बरोबरच आहे तुझं.

आपण गोधडीला बसायचो तेव्हा तू खिडकीच्या बाजूला, मी दाराच्या. आपापल्या कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी घालत मध्याकडे सरकत यायचं. मध्यावर गुडघ्याला गुडघा लागला की चहा. पाच वाजता नळाला पाणी यायचं आणि तू "अगं बाई, माझे हंडे!" करत पळायचीस. गोधडी माझ्याकडेच राहायची, माझी खोली मोठी म्हणून. तू गेलीस की मी दार लावून घ्यायचे आणि कात्री हातात घ्यायचे.

तुझ्या बाजूच्या ओळी मी उसवायचे, चांगुणा. सगळ्या. उसवून पुन्हा माझ्या हातानं सरळ घालायचे. तुझ्या टाक्यांची भोकं दिसू नयेत म्हणून कापडावर पाणी शिंपडून नखानं घासायचे, म्हणजे वीण परत मिटते. अकरा वर्षं. एकही गोधडी मी सोडली नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा मनात पाप नव्हतं. ऑफिसात एक अक्षर चुकलं तरी मी अख्खं पान नव्यानं टाईप करायचे, तशीच खोड. तुझी ओळ जायची कुठल्या कुठे. मला वाटायचं, ही बडबड करत शिवते, हिचं लक्ष नसतं. सांगितलं तर हिला वाईट वाटेल, त्यापेक्षा आपणच गुपचूप नीट करून टाकावं. म्हणजे मी तुझ्यावर उपकारच करत होते! किती शहाणी ना मी?

पण नंतर नंतर ते तेवढंच राहिलं नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागलेत.

लोक आपल्या गोधडीपाशी थांबायचे ते रंगांसाठी. आणि रंग तुझे होते. तुला आठवतं, आपली ओळखच कशी झाली? सावळीरामभाऊ आणि आमचे हे एकाच पाळीला कामावर, म्हणून तू साखर मागायला आलीस, आणि मी ह्यांची जुनी खाकी पँट पुसण्यासाठी फाडत होते. तू माझ्या हातातून ती हिसकावूनच घेतलीस. "ह्याचं पुसणं करतीस? देवानं डोळे दिलेत का बटणं?" मग त्या खाकीशेजारी तुझ्या फाटक्या लुगड्याचा राणी रंगाचा तुकडा धरून म्हणालीस, "हे बघ. खाकीला बी जरा बरं वाटू दे." मी बघतच राहिले. ती पँट मी रोज धूत होते गं, आणि ती सुंदर आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. तोपर्यंत माझं घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर. तुझ्यामुळे मी भाजीबाजारात उभी राहून वांग्याचा रंग बघायला लागले. माझी आई गेली त्या वर्षी मी नुसती बसून असायचे, तर तू तिची लुगडी माझ्या मांडीवर आणून टाकलीस आणि म्हणालीस, "रडायचं तर रड, पर हातानं काप." मी रडत रडत कापली. ती गोधडी आज माझ्या अंथरुणावर आहे. तिच्यातल्या तुझ्या ओळीसुद्धा मी उसवल्या होत्या.

कारण मी जळत होते. तुझ्या हातचा चहा पीत पीत तुझ्यावर जळत होते. मला एक रंग कधी सुचला नाही. मग वाटायचं, निदान टाका तरी माझा असावा, सगळाच्या सगळा. कोणी पाठ उलटून बघितलं तर तिथे फक्त सुमन दिसली पाहिजे.

आणि ती दिसली. प्रदर्शनात बक्षीस मिळालं ते शिवणीसाठी, रंगांसाठी नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, दोघींनी शिवलं तरी हात एकच वाटतो. मी हसले. तू हसली नाहीस. तू टेबलाशी गेलीस, खिडकीकडची बाजू, म्हणजे तुझी बाजू, बरोबर ओळखलीस आणि त्यावर तळवा ठेवलास. कडेपासून मध्यापर्यंत हात फिरवलास. मग गोधडी उलटून परत फिरवलास. आणि अगदी हळू म्हणालीस, "बाई, ह्यात माझा एक टाका नाय."

मी काय म्हणाले ते आठवतंय ना? "असेल गं, नीट बघ."

उसवलं ते उसवलं, पण हे "नीट बघ" मी का म्हणाले? तुझ्या हाताला जे कळलं होतं तेही मी तुला खोटं ठरवायला निघाले. तू चपला घातल्यास आणि गेलीस. दोन महिन्यांनी सावळीरामभाऊ रिटायर झाले, तुमचं सामान टेम्पोत चढताना मी माझ्या खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. खाली आले नाही. तू वर बघितलंस का, तेही मला माहीत नाही, कारण मी तेव्हा मान खाली घातली होती.

तीन वर्षांनी आज अचानक पत्र का, असं तुला वाटलं असेल. तर ऐक.

डिसेंबरात विहारातल्या गोधडीवर मी माझी बाजू शिवली. हाताचं हे असं. ओळ सुरू करायचे सरळ आणि ती निघायची दिंडोरीला. तरी दोन रविवार बसून शिवली. तिसऱ्या रविवारी गेले तर माझ्या ओळी सरळ! मला खरंच वाटलं, गोळी लागू पडली. मग त्यावर हात ठेवला. चांगुणा, हाताला लगेच कळतं गं. दोरा तोच, कापड तेच, पण तिथे मी नव्हते. सावित्रीबाईंकडे बघितलं तर त्या खाली मान घालून सुई ओवत होत्या. बिचारी माझी लाज राखायला गेली. गोधडी घरी नेऊन सगळं उसवून तिनं नीट केलं होतं. तिच्या मनात काडीचंही पाप नाही, मला माहीत आहे.

तिला बोलायला तोंड कुठे होतं मला? तळवा तसाच ठेवून बसले आणि तुझा तळवा आठवला. मग रडले, सगळ्यांसमोर. त्यांना वाटलं आजारपणामुळे.

घरी येऊन नातीचं दुपटं काढलं. ते तू एकटीनं शिवलं होतंस, मी सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला होते तेव्हा. नंतर ते बाळाच्या अंगाखाली गेलं, म्हणून माझ्या कात्रीतून वाचलं. तुझा टाका माझ्या घरात तेवढाच शिल्लक आहे. खिडकीत उन्हाला धरून नीट बघितला. त्या कापडावर बारीक पिवळी फुलं आहेत आणि तुझी ओळ प्रत्येक फुलाजवळ येऊन वळसा घालून पुढे जाते. एकाही फुलावरून सुई गेलेली नाही. अगं, तुझं लक्ष नव्हतं कुठलं! माझंच नव्हतं. अकरा वर्षं मी ते वळसे उसवले आणि तुला नीट बघायला सांगितलं.

माफ कर असं लिहिणार होते, लिहून खोडलं. तुझ्या ओळी मला परत देता येत नाहीत, तर कुठल्या तोंडानं मागू?

या पत्राबरोबर गठ्ठा येईल. उघडशील तर नवी गोधडी आहे. प्रदर्शनासाठी नाही. तुकडे मी जुळवलेत, म्हणजे रंगांची बोंब आहे, हसून घे. दाराची बाजू मी शिवली आहे, कडेपासून मध्यापर्यंत. ओळी बघवत नाहीत. पण एकही उसवलेली नाही, आणि सावित्रीबाईंना हात लावू दिलेला नाही. खिडकीची बाजू कच्च्या दोऱ्यानं नुसती धरून ठेवली आहे. तिथे कडेला तुझी सुई टोचली आहे, दोरा ओवून. कोणाला ओवायला सांगितलं नाही, माझी मीच ओवला. सकाळचा चहा निवून गेला तेवढ्यात.

शिवावंसं वाटलं तर शीव. नाही वाटलं तर चाळीत कांद्यांखाली अंथर. माझ्या ओळी उसवाव्याशा वाटल्या तर उसव, तुझा तो हक्क आहे. मी काही म्हणणार नाही. मी मध्यापर्यंत आले आहे, एवढंच.

सावळीरामभाऊंना जय भीम. गूळ पुढच्या वर्षी जास्त घालीन.

अक्षर माझं आहे. गोष्टही माझीच.

सुमन