आईची अट आणि तुमच्या ट्रकचे फिल्टर

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी एक अंग तूर्त रजेवर आहे, उरलेल्या सातांचा गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत आणि तुम्ही दिलेला ट्रकही खुशाल आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे वाचता वाचता तुम्ही फोन उचलणार नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून तर हे पत्र.

बाबा गेल्यापासून आईने आमच्याकडे राहायला यावं म्हणून मी आणि तुमची सूनबाई तिच्या मागे लागलो होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती दर वेळी नवीन काहीतरी काढायची. कधी शेजारणीचं ऑपरेशन, कधी गुलाबाला आलेल्या कळ्या. (गुलाबाला कळ्या येतच राहतात, हे मी एकदा बोललो आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.) शेवटी मी सांगितलं की माझ्या सुतारकामाची लाकडं आणायला मामांचा ट्रक दुरुस्त करतोय, पहिली खेप तुझ्या सामानाची. ती म्हणाली, "वाटेत एकदाही बंद न पडता तो ट्रक तुझ्या दाराशी लागला, तर राहीन. पडला, तर तिथूनच मागे फिरायचं." तुमच्या ट्रकविषयी तिचं मत काय आहे ते मी कशाला सांगू? थोरली बहीण आहे, तिने तोंडावरच सांगितलं असेल.

मग मी हट्टाला पेटलो. आमच्या मेकॅनिकला सगळे 'बघूया' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो एवढंच बोलतो. त्याने इंजिन खोललं. आतला काळा चिकट गाळ बोटावर घेऊन तो म्हणाला, "या इंजिनाला ऑइल गाळून मिळालेलं नाही, फिल्टरला नुसतं दाखवून मिळालंय." जुन्या पद्धतीत थोडंसंच ऑइल फिल्टरमधून जायचं आणि बाकीचं तसंच इंजिनात फिरायचं, हे मला तेव्हा कळलं. त्यातून फिल्टरच्या डब्यात फिल्टरच नव्हता, घडी घातलेला बनियन होता. (अर्ध्या बाह्यांचा. तुम्ही वापरता तसाच. मी काही म्हणत नाही.)

त्या दिवसापासून मला फिल्टरांनी झपाटलं. जेवताना फिल्टर, अंघोळीला फिल्टर. तुमची सूनबाई चहा गाळत होती तेव्हा मी गाळणीची भोकं किती बारीक आहेत असं विचारलं आणि तिने गाळणी माझ्याच हातात दिली. सगळं ऑइल गाळून मगच पुढे सोडणारा, आट्यांवर फिरवून बसवायचा नवा फिल्टर मी आणला, तोही सगळ्यांत लांब. मोठा म्हणजे चांगला, हा माझा हिशेब. तो बसवल्यावर खाली चॅसीला टेकला, तेव्हा परत करून आखूड आणावा लागला. रेडिएटरच्या पाण्यालाही वेगळा फिल्टर लावता येतो असं कळल्यावर तोही घेतला. डिझेलसाठी मात्र मला दुकानातला सर्वांत बारीक फिल्टर हवा होता, टाकीपाशी एक आणि पंपाच्या पुढे एक. दुकानदारीण म्हणाली, "ट्रकला लावताय की विमानाला?" बघूयाने दोन्ही हातांनी नाही म्हटलं. टाकीपाशी इतका बारीक लावला तर पंपाला डिझेल ओढताच येणार नाही. तिथे जरा मोकळा फिल्टर हवा, खाली पाणी साचायला काचेची वाटी असलेला, आणि बारीक तो पुढे. त्याचं एवढं लांब भाषण गॅरेजमध्ये कुणीच ऐकलेलं नव्हतं, म्हणून मी मुकाट्याने मान्य केलं.

ठरल्या दिवशी निघालो. मागे कपाट, शिवणयंत्र, भांड्यांची खोकी. पुढे मी, बघूया आणि मध्ये आई, मांडीवर गुलाबाची कुंडी. इंजिन असं चाललं होतं की मी मनातल्या मनात आईच्या खोलीला रंग कोणता द्यायचा ते ठरवायला लागलो. आणि नदीवरच्या पुलाच्या चढावर ट्रकने आचके दिले आणि मधोमध उभा राहिला. मागे हॉर्नचा गजर. मला आईकडे बघायचा धीर होईना.

बघूया खाली उतरला. मीही उतरलो. काचेच्या वाटीत तपकिरी चिखल भरला होता. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गंज चढावर हलून सुटला होता. "फिल्टरने काम केलंय," बघूया म्हणाला, "हा गंज पंपात गेला असता तर आज इथेच राहायला लागलं असतं." त्याने वाटी रिकामी केली, जवळचा नवा फिल्टर चढवला. आता तो नट सैल करून धरणार आणि डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढायला मी हातपंप दाबणार, तर माझी कंबर त्याच क्षणी धरली. तेवढ्यात आई कुंडी सीटवर ठेवून खाली उतरली, पदर खोचला आणि पंप दाबायला लागली. दाबता दाबता तिने वाटीतला चिखल बघितला आणि एवढंच म्हणाली, "माझ्या भावाने टाकी कधी धुतली नसणार."

इंजिन सुरू झालं. मी जड मनाने स्टिअरिंग धरलं आणि वळायला जागा आहे का ते आरशात बघू लागलो.

"वळवतोयस कशाला?" आई म्हणाली.

"अट तुझीच होती ना? बंद पडला."

"पडला कुठे? गाळायला थांबला होता. चल, गुलाबाला ऊन लागतंय."

बघूया खिडकीबाहेर बघत बसला. मी गिअर टाकला आणि ट्रक पुढे काढला. संध्याकाळी कपाट खोलीत लागलं. टाकी आता धुऊन घेतली आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : काल तुमच्या सूनबाईकडून कळलं की निघायच्या आधीच आईने तिकडच्या घराची किल्ली मालकांना दिली होती आणि पलंग शेजारणीला देऊन टाकला होता. म्हणजे परत फिरलो असतो तरी झोपायला जागा नव्हती. मी एवढे फिल्टर कशासाठी घातले, ते आता कुणाला विचारू नये असं मी ठरवलं आहे.

ता. क. २ : आता मुद्द्याचं. आई रोज सकाळी ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसते आणि गिअर चाचपते. तिला शिकायचंय. मी शिकवतो म्हटलं तर म्हणते, तरुणपणी तुम्ही तिला शिकवणार होतात आणि मग "बायकांचं काम नाही" म्हणालात. तेव्हा "शिकेन तर त्याच्याकडूनच," असं तिचं म्हणणं आहे. तुम्ही लवकर या. आज तिने माझ्याकडे चावी मागितली आणि मी ती दिली आहे.