देवाजीची पेटी आणि बांधावरचं मोहाचं झाड

मी, बापूराव तानबाजी बारसागडे, वय सत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार मौजा सावरटोला, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अंगणात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांचं काम पडत नाही. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. मुलगा प्रफुल याने दोनदा आठवण करून दिली, तो दाब धरू नये.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी इंदुताई हिची. तिच्या मागे घर प्रफुल आणि मुलगी दिव्यानी यांचं, निम्मं-निम्मं. दिव्यानी आरमोरीला नांदते म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही.

२. धानाची शेती प्रफुलने करावी किंवा मक्त्याने द्यावी. मात्र वरच्या बांधावरचं मोहाचं झाड इंदुताईच्या मालकीचं राहील. ट्रॅक्टर वळायला जागा नाही म्हणून ते तोडायचं, असं प्रफुल दोन हंगामांपासून म्हणतो आहे. ट्रॅक्टर लांबून वळवावा. झाड का राखायचं ते पुढे येईल.

३. काळी लोखंडी पेटी. माझा थोरला भाऊ देवाजी फौजेत शिपाई होता. एकाहत्तरच्या लढाईत तो पश्चिम सीमेवर कामी आला. त्याचं शरीर गावी आलं नाही, ही पेटी आली. तिच्यात त्याचा दाढीचा आरसा आणि स्वेटर आहे, आणि त्याने घरी पाठवलेली पत्रं आमची आई ठमाबाई हिने तिच्यातच ठेवली. त्याचा टिनाचा मग मात्र चुलीजवळ आहे. आईने त्या मगाने तांदूळ मोजायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे आणि पुढेही चालावं.

स्वेटर धुतलेला आहे. घरचं माणूस गेलं की सगळे कपडे बोडीवर नेऊन धुवायचे ही आमच्याकडची रीत. पेटी आली त्या दिवशी इतवारीकाकूने रीतीप्रमाणे स्वेटरही उचलला आणि बोडीच्या पाण्यात खळखळून धुतला. त्यात दादाच्या अंगाचा वास होता. आई तो ओला स्वेटर नाकाशी धरून बसली होती. काकूशी आम्ही पुढे बरीच वर्षं धड बोललो नाही. तिने चांगल्या मनाने केलं हे मला कळायचं, पण राग जायचा नाही. काकू आता नाही. तिचा मुलगा गोपाल याला मी या कागदावर साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावलं आहे. तो राग इथे संपला.

४. आता पत्रं. ही शहरातल्या संग्रहालयाला द्यावीत असं प्रफुलचं मत आहे. "बाबा, घरी ठेवून काय करता? उधई लागंल," असं तो म्हणतो. त्याची तळमळ खरी आहे. पण ती पत्रं माझी नाहीत, म्हणून मी ती देऊ शकत नाही. ती इंदुताईची आहेत.

गावाला ठाऊक आहे, पण नातवंडांना नीट ठाऊक नाही, म्हणून लिहितो. इंदुताई आधी देवाजीची बायको. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच लढाई लागली. तिला वाचता येत नव्हतं. मी तेव्हा शाळकरी पोरगा. पत्र आलं की अंगणात सगळ्यांसमोर मी मोठ्याने वाचायचो, आणि ती सांगेल ते उत्तर लिहायचो. माझ्या तोंडून सारं घर ऐकणार हे दादाला माहीत होतं, त्यामुळे बायकोला मायेचा शब्द लिहायची सोय नव्हती. तो बैलांचं विचारायचा, पाण्याचं विचारायचा. आणि शेवटी एकच ओळ तिच्यासाठी असायची: मोहाला फुलं आली का?

श्रावणातही तेच, दिवाळीतही तेच. मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. आमचे बाबा हसायचे, फौजेत जाऊन पोरगा मोसमच भुलला म्हणायचे. वयनी हसायची नाही. मला म्हणायची, "लिव, आली म्हणून."

"वयनी, आता कुठी फुलं?"

"तू लिव ना."

मी लिहायचो. तसं शेवटचं उत्तर दादाला मिळालं नाही, परत आलं. त्या गठ्ठ्यात माझ्या अक्षरातलं तेवढं एकच पत्र आहे.

पुढे काही वर्षांनी आईनेच पुढाकार घेऊन माझं आणि इंदुताईचं लग्न लावून दिलं. पहिल्या चैत्रात आम्ही पहाटे मोहफुलं वेचायला गेलो, तेव्हा तिने सांगितलं, "घरात तं सारे राहेत. तुमचे दादा मले पहिल्यांदा इथीच बोलले." मग ती रडली. मी तिचं टोपलं भरून दिलं. दादा दर पत्रात काय विचारत होता ते मला त्या दिवशी समजलं.

तेव्हापासून मी दरवर्षी तिच्यासोबत वेचायला गेलो, पण फुलं आली का असं तिला कधी विचारलं नाही. तो प्रश्न दादाचा होता. तिला नावाने हाकही मारली नाही. आधी वयनी म्हणायचो, नंतर तोंडात काहीच येईना. तिने मला कधी काही कमी पडू दिलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. माझा संसार सुखाचा झाला.

पेटीही तिचीच. पत्रं तिने ठेवावीत, द्यावीत, किंवा स्वतःसोबत न्यावीत. कोणी आडवं येऊ नये.

५. इंदुताईला अजूनही वाचता येत नाही. मी पाटी घेऊन बसलो की ती म्हणायची, "तुम्ही आहा ना वाचाले." म्हणून मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मग तो कोणत्याही महिन्यात येवो, नात हर्षा हिने हा कागद अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. पुढची ओळ आजीकडे बघून वाचावी.

इंदू, मोहाला फुलं आली का?

ती जे सांगेल ते ऐकून घ्यावं. या वेळी उत्तर लिहायचं नाही.

सही: बापूराव तानबाजी बारसागडे
ठिकाण: सावरटोला
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

बापूरावांनी आमच्या डोळ्यांसमोर, शुद्धीत आणि राजीखुशीने सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार: गोपाल बारसागडे (इतवारीबाईंचा मुलगा)
साक्षीदार: अंकुश मेश्राम (शेजारी)