माझ्या पश्चात मुकी कोणाची

दहा वर्षांपूर्वी, थंडी सुरू होण्याआधी, या घरात जे आले त्याची माझ्या वहीतली नोंद, जशीच्या तशी:

कंगाल जातीच्या कुत्र्यांची जोडी, नर व मादी, तुर्कस्तानातून. तोंडे काळी, अंग गव्हाळ. किंमत अठ्ठावीस मेंढ्या.
पिरेनीज डोंगरातला पांढरा नर, एक. मागच्या पायांना दोन-दोन जास्तीची नखे. बारा मेंढ्या.
हंगेरीतला कोमोंडोर, एक. अंगावर केस नव्हेत, दोरखंड. सोळा मेंढ्या आणि माझ्या गळ्यातली साखळी.
कॉकेशियन नर, एक. वाटेतच पेटारा फोडला. दहा मेंढ्या, हमालाच्या दंडाला सात टाके पडले ते वेगळे.
लोखंडी काट्यांचे गळपट्टे, पाच. किंमत हे मला सांगत नाहीत.
जगभरच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचे सचित्र पुस्तक, एक. भेट.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण माझ्यामागे ज्यावरून तंटा होणार आहे ते सगळे या पेटाऱ्यांतून बाहेर आले, म्हणून आधी तेच लिहिले.

तर मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, मॅट्रिक पास, काम घरकाम, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. त्यात गाठ आहे आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ती कापायची आहे. सर्जन म्हणाले, "आजी, मागची आवराआवर करून या." ती करते आहे. वकील लावला नाही, कारण मला लिहिता येते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला मुलगा आला होता. ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. घर, मेंढवाडा, वरचे कुरण आणि सर्व मेंढ्या, वीस वगळून, माझ्या मुलाला. वाड्याची उत्तरेकडची भिंत त्याने छातीइतकी उंच करावी. कमरेइतकी पुरते असे त्याचे वडील म्हणत. लांडग्यांचेही तेच मत होते.

कलम २. स्वयंपाकघरातले सर्व काही सूनबाईला. मोठे पातेले तिने दूध उतू घालवण्यासाठी वापरू नये. पाव शिळा झाला म्हणून टाकू नये. आमचे पटले नाही, पण माझ्या आजारपणात तिने माझी उलटी स्वतःच्या हाताने काढली, हे मी लिहून ठेवते. तोंडाने सांगितले असते तर ती रडली असती आणि दूध पुन्हा उतू गेले असते.

कलम ३. कुत्र्यांचे पुस्तक आमच्या गुरांच्या डॉक्टरांना. यांनी ते इतक्यांदा वाचले की पाने सुटली आहेत. जेवताना घास हातात धरून सांगत, इटलीतला मारेम्मा असा बसतो, तिबेटातला तसा भुंकतो. मी म्हणायची, "अहो, आमटी गार होतेय, तिबेट कुठे पळून जात नाही."

पण पुस्तकातली एक गोष्ट खरी निघाली आणि तिच्यावर आमचा कळप जगला. ती अशी. राखणीचा कुत्रा वेगळा आणि मेंढ्या हाकणारा कुत्रा वेगळा. हाकणारा माणसाचे ऐकतो, मेंढीकडे डोळे रोखून दबत दबत जातो आणि तिला पळवतो. राखणीचा कुत्रा मेंढ्यांतच झोपतो. आठ आठवड्यांचा झाला की त्याला कोकरांत सोडायचे आणि त्यानंतर लाड बंद. हात फिरवायचा नाही, घरात घ्यायचे नाही. लाड केले की तो माणसांचा होतो, मग मेंढी मेली काय, राहिली काय.

पहिल्याच हिवाळ्यात भर दुपारी धुके उतरले आणि त्यातून लांडगे आले. मी वाड्यात चारा टाकत होते. आधी काही दिसले नाही, फक्त मेंढ्या एका अंगाला ढकलल्या गेल्या आणि मी भिंतीवर आपटले. मग कंगाल नराने एका लांडग्याला मानेने उचलून जमिनीवर आपटले, पुन्हा आपटले, तो लुळा पडल्यावरही आपटत राहिला. पांढऱ्याचे पोट फाटले होते आणि आतडे बर्फावर घासत असताना तो तिसऱ्या लांडग्याच्या तंगडीला लटकला होता. कोमोंडोरला मी पायपुसणे म्हणत असे. त्या दिवशी लांडग्याचे दात त्याच्या दोरखंडांत अडकले, आणि यांनी कुऱ्हाडीने त्या लांडग्याचे डोके फोडले. पांढऱ्याचे पोट मी पोती शिवायच्या दाभणाने शिवले. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, टाका सरळ आहे." त्यानंतर तो सहा वर्षे जगला.

कॉकेशियनने वसंतात कंगाल नराचा गळा फोडला, एका हाडासाठी. डॉक्टरांनी त्याला गोळी घातली. कंगाल मादी तेव्हा गाभण होती. तिला पाच पिल्ले झाली, चार मेली, एक उरले. ते कधी भुंकत नसे, म्हणून तिचे नाव मुकी.

कलम ४. यांची बंदूक मुलाला. तिचा बोल्ट, ज्याशिवाय ती उडत नाही, तो मुलाला नाही. बोल्ट मी काढून डॉक्टरांकडे दिला आहे आणि कलम सहाचा निकाल लागेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहील. कारण मुलाने माझ्या खाटेशी उभे राहून म्हटले, "आई, तू डोळे मिटलेस की त्याच दिवशी त्या कुत्रीला गोळी घालणार."

मी म्हटले, "मग उघडेच ठेवते."

"थट्टा नको. तिने बाबांना मारलंय."

"बाबा काय म्हणाले ते तुला सांगितलंय मी."

"तू सांगतेस. मी ऐकलेलं नाही."

खरे आहे, त्याने ऐकलेले नाही. तो बाजाराला गेला होता. म्हणून सही करून लिहिते.

कलम ५. यांच्या मृत्यूबद्दल. तीन वर्षांपूर्वी मुकीने एक मोठा लांडगा मारला. यांनी त्याचे कातडे डोक्यासकट सोलले, मीठ चोळून वाळवले आणि त्याचा कोट शिवला. तो पुरता वाळलाही नव्हता. सकाळी तो अंगात घालून, लांडग्याचे डोके टोपीसारखे ओढून, हे निघाले.

मी म्हटले, "अहो, ते उतरवा. वाड्यात जाऊ नका असे."

हे म्हणाले, "मालक कळत नाही होय तिला? सात खंडांतले कुत्रे वाचलेत मी."

"तिने नाही वाचलेले."

यांना हसू आले. वाड्याचे लहान दार जमिनीलगत आहे, त्यातून माणसाला हातापायांवर रांगतच जावे लागते. हे रांगत आत गेले. त्या दिवशीही धुके होते. लांडग्याच्या वासाचे, लांडग्याच्या डोक्याचे, चार पायांवरचे काहीतरी कोकरांकडे सरकत होते. मुकी उठली. आवाज नाहीच. तिने गळा धरला आणि झटका दिला. मी दाताळे घेऊन भिंतीवरून उडी टाकली आणि तिच्या फासळ्यांत खुपसले. तिने सोडले नाही. दुसऱ्यांदा खुपसले. तेव्हा यांच्या तोंडून माझ्या नावाची हाक निघाली, अर्धी, आणि माणसाचा आवाज ऐकताच तिचे तोंड आपोआप उघडले. मग ती यांच्या छातीवर आडवी पडली आणि मलाही जवळ येऊ देईना. तिच्या फासळ्यांतून रक्त वाहत होते, यांच्या गळ्यातून वाहत होते, आणि ती यांचा गळा चाटत होती. मी फावड्याने तिला बाजूला सारले.

हे तासभर जिवंत होते. बोलता येत नव्हते, कुजबुजता येत होते. म्हणाले, "तिला मारू नका. कोट माझा." एवढेच. त्यानंतर मी नियम मोडला. मुकीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. तिच्या जन्मापासून तेवढा एकदाच.

कोट मी जाळला. दाताळे मुलाला, त्याचा एक दात वाकला आहे, सरळ करून घ्यावा.

कलम ६. मुकी, तिची चार पिल्ले, दोन काटेरी पट्टे आणि वर वगळलेल्या वीस मेंढ्या माझ्या धाकट्या जावेला, पलीकडच्या खोऱ्यातल्या घरी. पिल्लांपैकी दोघांना मागच्या पायांना जास्तीची नखे आहेत, म्हणजे बाप पांढऱ्याचा मुलगा असणार. हे मुकीचे शेवटचे बाळंतपण. माझ्या मुलाला पिल्ले हवी आहेत, पण तो त्यांना घरात ठेवणार. त्याची मुले त्यांना कुशीत घेऊन झोपतील. पुढच्या हिवाळ्यात लांडगे आले की चौघेही खाटेखाली सापडतील आणि मेंढ्या फाटक्या पोटांनी बर्फावर.

पिल्लू मेंढ्यांत कसे वाढवायचे हे दोन्ही खोऱ्यांत दोनच बायकांना येते. त्यातली एक नऊ तारखेला चाकूखाली जाते आहे. दुसरी माझ्याशी सहा वर्षे बोललेली नाही.

आता हे कलम मी जावेलाच उद्देशून लिहिते. माझी दोन पत्रे तू न उघडता परत पाठवलीस. डॉक्टर म्हणाले, कायद्याचा कागद लोक उघडतात. म्हणून याची एक प्रत तुला.

धाकटे, तुझी कोली, मेंढ्या हाकणारी कुत्री, आमच्याकडे आणलीस तो कातरणीचा दिवस होता. काळी-पांढरी, हलकी, डोळ्यांत वीज. तिने तुझ्या एका शिट्टीवर दीडशे मेंढ्या वळवल्या आणि आवारातले सगळे कामकरी टाळ्या वाजवू लागले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "जाऊबाई, आमची काम करते. तुमच्या नुसत्या खातात आणि लोळतात." लोक हसले. हेसुद्धा हसले.

तू नंतर सगळ्यांना सांगितलेस की आमचे फाटक मोडके होते, आम्ही दुरुस्त केले नाही, म्हणून तुझी कुत्री आत गेली. यांनी तुझी माफी मागितली, फाटकाबद्दल. मी गप्प राहिले. फाटक मोडके नव्हते. कडी मी काढली.

मुकी आत होती हे मला माहीत होते. हाकणारा कुत्रा दबत, डोळे रोखून मेंढ्यांवर गेला तर राखणीच्या कुत्र्याला तो लांडगा वाटतो, हेही माहीत होते. पुस्तकात लाल रेघ मारलेली होती. मला वाटले, नुसती झटापट होईल, तुझी कोली शेपूट घालून बाहेर येईल, आणि लोक तुला हसतील. एवढेच मला हवे होते. देवाशपथ एवढेच. मग मुकीने तीन उड्या घेतल्या आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. कोलीचे पुढचे पाय चालत राहिले, मागचे चालत नव्हते. ती तुझ्याकडे सरपटत येत होती. तू कातर घेऊन आत धावलीस. मुकीचा अर्धा कान छाटलास. तिने तुला दात लावला नाही. मग तूच कोलीचे डोके मांडीवर घेऊन त्याच कातरीने तिला मोकळे केलेस, आणि रक्ताने भरलेल्या हातांनी माझ्याकडे बघितलेस. मी तेव्हा बोलायला हवे होते. मी पाणी आणायला गेले.

रोज सकाळी देवापुढे हे कबूल करते. देवाने अजून उत्तर दिलेले नाही. बहुधा पत्ता चुकला असावा; कोली देवाची नव्हती, तुझी होती.

मुलगा म्हणतो मुकीच्या अंगावर दोन खून आहेत. एकदा कडी मी काढली, एकदा कोट यांनी घातला. तिने दोन्ही वेळा तिचे काम केले. तरी तुझे मन तयार होत नसेल, तिच्याकडे बघून तुला कोली आठवत असेल आणि तिला मारावेसे वाटत असेल, तर तो हक्क मी तुला लिहून देते. मुलाला देत नाही. बोल्ट डॉक्टर तुला आणून देतील. पण पिल्ले वाढव. त्यांनी अजून काही केलेले नाही.

माझ्या वतीने हे मृत्युपत्र गुरांचे डॉक्टर अमलात आणतील. यापूर्वी मी दुसरे कोणतेही केलेले नाही.

साक्षीदार:
१. गुरांचे डॉक्टर (सही). मी सर्व वाचले. कलम सहा मला आजच कळले.
२. लोकरीचे व्यापारी (सही). बाईंनी माझ्यासमोर सही केली. वजनात त्यांनी कधी फसवले नाही, मलाही फसवू दिले नाही.

लिहून देणार (सही)
ठिकाण: स्वयंपाकघर, चुलीजवळचे टेबल.
तारीख: कातरणीच्या आधीचा दुसरा मंगळवार, सकाळी.

ताजा कलम, फक्त जावेसाठी. पिल्ले आज सहा आठवड्यांची झाली. नऊ तारखेच्या आदल्या दिवशी आठ पूर्ण होतात. तोवर ती कोकरांत गेली पाहिजेत. डॉक्टरांची गाडी तयार आहे, तुझा शब्द आला की त्याच दिवशी निघेल. मला माफ केलेस असे लिहिण्याची गरज नाही. आणू की नको, तेवढे लिही. नको असेल तर 'नको' लिही, शिव्या घालायच्या असतील तर मागची बाजू कोरी सोडली आहे. पण या वेळी परत पाठवू नकोस. उलट टपाली कळव.