जास्तीच्या निघालेल्या दोन खिट्ट्या

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. तुझी खुर्ची पोचली. वहिनीने स्वतः आणून दिली आणि तू दुकानात फार गडबडीत आहेस असंही सांगितलं. बिचारी खोटं बोलताना अजूनही छताकडे बघते. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाला अशी कसली गडबड असते, की सख्ख्या बहिणीच्या घरी यायला त्याला इतके महिने सवड मिळू नये? तोंड लपवून बसलायस, असं सरळ म्हण की.

खुर्ची देखणी झालीय, ते कबूल करते. मऊ गादी, गुळगुळीत चाकं, हाताला कुठे खरखर नाही. ठमी तिच्यात राणीसारखी बसली आणि तिने मला पाणी आणायला पिटाळलं. चाकाच्या खुर्चीशी माझं वैर नाही. पुढेमागे तिला लागली तर घेऊ, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण ही तू का बनवलीस ते मला पुरतं ठाऊक आहे. पोर बसून राहिली म्हणजे पडणार नाही, आणि पडली नाही म्हणजे तुला कोणी काही बोलणार नाही. स्वतःच्या भित्रेपणाला गादी लावून पाठवलंस, दुसरं काय!

तू पहिल्यापासून असाच. मला सायकल शिकवायला निघाला होतास, आठवतं? गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅरिअर धरून धावायचास, आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगायचास, "एकदाही पडू दिली नाही!" खरंच नाही पडू दिलंस. कॅरिअर सोडलाच नाहीस तर पडणार कशी? म्हणून मला आजही सायकल येत नाही. आणि वस्तूंच्या बाबतीत तर तुझ्या अकलेला तोडच नाही. उघडलेला मिक्सर परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले, तर तो कंपनीचा मूर्खपणा समजून तू ते बरणीत टाकतोस. केवढी भरलीय ती बरणी! लाज वाटायच्या ऐवजी गिऱ्हाइकांना दाखवतोस.

वॉकरचं वहिनीने तुला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं असेल, आता माझ्याकडून सगळं ऐक. ठमीचे पाय जन्मापासून ताठ. उभी राहिली की गुडघे एकमेकांना चिकटतात आणि ती पुढे वाकते. म्हणून तिचा वॉकर पुढे नसतो, पाठीमागे असतो. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून ती चालते आणि तो मागून येतो. त्याची मागची चाकं फक्त पुढेच फिरतात. उलटी फिरू नयेत म्हणून प्रत्येक चाकात एक खिट्टी असते, ती कटकट वाजते. ठमी दमली की पाठ मागे टाकते, आणि ती खिट्टी तिला धरते. एवढ्याशा गोष्टीवर विश्वास ठेवायला पोरीने वर्ष घातलं. रडली, चावली, थेरपीच्या बाईंना तोंडावर दुष्ट म्हणाली. आणि तू एका दुपारी आमच्याकडे जेवून उठलास, ती कटकट ऐकलीस आणि तुझे हात शिवशिवले! तुझ्या दुकानात आवाज म्हणजे बिघाड. मी बाजारात गेलेली. कोणाला विचारायचं तुला कसं सुचणार? चाकं उघडलीस, तेल घातलंस आणि दोन्ही खिट्ट्या ठमीच्या बाबांच्या हातावर ठेवून म्हणालास, "या जास्तीच्या निघाल्या. आता बघा कसा लोण्यासारखा चालतो." त्यांनी मान डोलावली. त्यांना खिळा आणि स्क्रू यातला फरक अजून कळलेला नाही.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा ठमी मला बघून दारापर्यंत आली, नेहमीसारखी थांबली आणि तिने पाठ मागे टाकली. वॉकर लोण्यासारखा मागे गेला. तिचं डोकं चपलांच्या कपाटावर आपटलं. टाके पडले तिथे अजून धड केस आलेले नाहीत. तिला उचललं मी. तू काय करत होतास? वॉकर उलटा करून चाकं तपासत होतास!

नंतर सगळे तुझीच बाजू घ्यायला धावले. हेतू चांगला होता म्हणे. ठमीचे बाबासुद्धा तेच म्हणाले, जेवताना, भाजी वाढून घेत. शेजारच्या काकूंनी तर कमाल केली, "जाऊ दे गं, तिला कुठे शर्यतीत पळायचंय!" त्यांना मी दार दाखवलं, तेव्हापासून त्या जिन्यात माझ्याकडे पाठ करतात, बरंच झालं. चांगल्या हेतूच्या माणसांचा मला वीट आलाय.

खिट्ट्या परत बसवून घेतल्या, पण ठमी वॉकरला हात लावेना. जमिनीवरून सरपटत सगळीकडे जायची, वॉकर दिसला की तोंड फिरवायची. मला वाटलं, संपलं सगळं. मी फार घाबरले होते दादा, आणि तुझा इतका राग आला होता की तुझं नाव कोणी काढलं तरी उठून जायचे. मग एका सकाळी तिने बसल्या बसल्या वॉकर मागे ढकलून पाहिला. हलला नाही. पुढे ओढला, कटकट ऐकली. पुन्हा ढकलला. आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. आता रोज अशीच तपासणी करते, मगच पाऊल टाकते. घरात एक तरी डोकं धड निघालं म्हणायचं.

आता हे पत्र कशाला, ते. थेरपीच्या बाई तिला येत्या रविवारी हातातल्या काठ्यांवर उभं करणार आहेत. चार-चार पायांच्या दोन काठ्या, आणि पाठीमागे काहीच नाही. म्हणून सुरुवातीला वॉकरच्या जागी घरातल्या एका माणसाने उभं राहायचं. त्याने धरायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं हात पुढे करून तिच्या मागे चालायचं. कोण हवं, असं बाईंनी ठमीला विचारलं. मी पुढे सरसावले होते. ती म्हणाली, "मामा." मी सांगून पाहिलं, अगं, त्यानेच तर पाडलं तुला. तर म्हणते, "म्हणून तर. बाबा फोन बघतात, तू रडतेस. मामाला भीती वाटते, त्याचं सगळं लक्ष माझ्याकडेच असेल." माझी पसंती विचारशील तर कपाट उभं केलं असतं तुझ्याऐवजी. पण पाठ तिची आहे. तेव्हा रविवारी ये. पाना, पक्कड, तेलाची बाटली, सगळं दुकानात ठेवून ये. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाहीये. ती दमेल, थांबेल आणि न बघता पाठ मागे टाकेल. तेव्हा मागे सरकायचं नाही, एवढंच काम आहे.

तुझीच (बदलून मिळत नाही म्हणून),
धाकटी