फोगोला जायचा अर्ज

पॉटकेट, रोड आयलंड
९ मार्च २०१९

प्रिय मानो आर्लिंदु,

बरा आहेस ना, दादा? थंडीने ममाचे गुडघे धरले होते, आता उतार आहे. तुझं पिंप भरून झालंय: तांदूळ, तेल, तुझे बूट. पुढच्या महिन्यात बोटीने निघेल.

कॉलेजात मी मुख्य विषय घेतला. डायस्पोरा अभ्यास, म्हणजे देश सोडून पांगलेल्या लोकांचा. ममा म्हणाली, "त्याला कॉलेज कशाला? माझ्या स्वयंपाकघरात येऊन बस." पण पदवीला अटी आहेत. दहा विषय, एक भाषा, बारा आठवडे परमुलखात राहून काम आणि शेवटी प्रबंध. भाषेची अट परीक्षा देऊन माफ होते, म्हणून मी आपल्या घरच्या क्रिओलची तोंडी परीक्षा दिली.

परीक्षक होते सेन्योर तावारेस, आपल्या फोगोशेजारच्या ब्रावा बेटावरचे, सत्तरीचे. म्हणाले, "घरात घडलेला एखादा प्रसंग सांग. भूतकाळ नीट वापर."

मला दुसरं काही सुचेना. सहा वर्षांपूर्वीचा तो रविवार सांगितला. तू दुपारीच पिऊन आलास, कपाट फोडलंस, मध्ये पडलेल्या ममाला ढकललंस. पोलीस आले. मग तुझं जुनं प्रकरण उकरलं गेलं आणि तू इथला नागरिक नाहीस म्हणून, तीन वर्षांचा असताना सोडलेल्या फोगो बेटावर तुला धाडून दिलं.

"पोलिसांना कोणी बोलावलं?" त्यांनी विचारलं.

शेजारणीने, न्या दुआर्तेने, असं आपल्या घरात सगळे म्हणतात. तूही म्हणतोस. तेच सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी."

कागदावर लिहिता लिहिता ते म्हणाले, "व्याकरणात चूक नाही."

मी पास झाले.

न्हाणीघरातून फोन केला होता, नळ सोडून. चौदा वर्षांची होते. ममाच्या कपाळातून रक्त येत होतं. तुला नेतील आणि सोमवारी सोडतील, एवढंच मला कळत होतं.

परीक्षेहून तडक न्या दुआर्तेकडे गेले. सहा वर्षं ममा तिच्याशी एक शब्द बोललेली नाही, चर्चमध्येसुद्धा बाक बदलते. मी सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "भिंत पातळ आहे गं."

"मग बोलला का नाहीत?"

"आणि कुणावर ढकलू? चौदा वर्षांच्या पोरीवर? बस, सोलायला लाग."

ममाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला. पाच पत्रांत हवापाण्याचं लिहिलं, हे सहावं.

फोन केल्याचा पस्तावा होतो का, हे मला खरंच ठरवता येत नाही. ममा धडधाकट आहे. तू तिथे आहेस. दोन्ही माझ्यामुळे.

बारा आठवड्यांसाठी मी लिस्बन लिहिलं होतं. काल ते खोडून फोगो लिहिलं. ज्याच्या घरी राहायचं त्याची सही लागते. अर्ज सोबत ठेवलाय. सही करायची नसेल तर तसाच परत पाठव, मी तिथल्या साओ फिलिप गावात खोली बघेन. पण जूनमध्ये येणार हे नक्की. माफी कागदावर मागत नाही. तू दारात उभं केलंस तर तिथेच मागेन.

तू म्हणू देशील तोवर तुझी बहीण,
झुल्मिरा