धुळं वीस मिनिटांवर

२० एप्रिल १९७४, जळगाव
मेहरूणला धावपट्टीविरुद्ध सभा. मैदान भरलेलं. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, "गावाचं गायरान गिळून उडणाऱ्या विमानात मी मेलो तरी पाय ठेवणार नाही." टाळ्या थांबेनात. घसा बसलाय.
अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर. अक्काला धुळ्याहून माहेरी आणायचं. वडील गेल्यापासून तिचा मुराळी मीच. मागल्या साली निघताना म्हणाली, "भाऊ, सभा कितल्याबी कर, पन माले लेवाले तूच येजो."

२२ एप्रिल
दाजींची तार. अक्का अत्यवस्थ, लगेच निघा.
संध्याकाळी धावपट्टीचे इंजिनिअर घरी. सभेत ज्यांना झोडपलं तेच. "भाऊसाहेब, सकाळी विमान धुळ्याला रिकामं जातंय. वीस मिनिटं. कोणाला कळणार नाही."
म्हटलं, "मला कळेल ना."
चहा न घेता गेले. ही म्हणाली, "शब्द तुमचा. बहीणही तुमचीच." जेवली नाही.
पहाटेच्या एस.टी.नं निघतो.

२४ एप्रिल, धुळं
काल लिहिता आलं नाही.
पहिल्या गाडीत चढताच आलं नाही. बहिणींना आणायला निघालेले भाऊ, दारापर्यंत. दुसरीत उभा. फाट्याफाट्यावर गाडी थांबे, आणखी भाऊ चढत. एरंडोलपुढे डोक्यावरून विमान गेलं. सभेला आलेला एक म्हातारा ओरडला, "भाऊ, तुमना दुश्मन चालना." गाडी हसली. मीही हसलो.
पोचलो तेव्हा अक्काला खाली घेतलेलं.
दाजी सांगत होते : विमानाचा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले. "मना भाऊ उना," म्हणाली. "मी म्हटलं, हो, आला. दुसरं काय म्हणू?" मग मी दिलेलं लुगडं मागून घेतलं, उशाशी ठेवलं, आणि दाराकडे...

३० एप्रिल
पारोळ्याचे कार्यकर्ते भेटायला. विमान नाकारल्याचं कसं कोण जाणे, सगळीकडे पसरलंय. तेराव्यानंतर धुळ्यातच सभा घेऊ म्हणतात. "भाऊ, बाकी काही नको, अक्कांचं तेवढं सांगा. लोक रडतील."
दाजी सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. म्हणाले, "सांगा की. मीबी येतो ऐकायला."

६ मे
उद्या सभा. मुद्दे काढायला बसलो. गायरान. पाणी. मोबदला. धावपट्टी चूकच आहे, आजही तेच म्हणेन, कुठेही म्हणेन. चौथा मुद्दा लिहून खोडला. परत लिहिला.
दाजींनी धुतलेला सदरा काढून ठेवलाय. पुढेच बसणार म्हणतात. कोपऱ्यात त्या लुगड्याची घडी तशीच. उचलायला कोणी तयार नाही.
लाउडस्पीकरवाला येऊन गेला. "भाऊ, किती वेळ बोलणार?"
एरवी दोन तास सांगतो. म्हटलं, माहीत नाही.