दाबातलं कापड

आबा, कॉलेजात जाताना तुम्ही शिवून दिलेला काळा कोट मध्यंतरी माझ्या पोटावर बसेना. कोपऱ्यावरचा आपला शिंपी म्हणजे अखाजीचा वायदा करून पोळ्याला कपडे देणारा माणूस. त्या कोटासाठी चार हेलपाटे झाल्यावर मी चिडून म्हणालो होतो, धुळ्यात दुसरे शिंपी नाहीत का? त्याच्याच ओट्यावर बसून तुम्ही मला झापलंत, "बठ्ठं गाव आसंच म्हनाले लागनं तं हाऊ कोठे जाई?" आणि त्याला सांगितलंत, शिवणीच्या आत, दाबात, दोन बोटं जादा कापड सोड, पोरगं अंगानं भरलं की उसवायला तुझ्याकडेच येईल.

तो कोट उसवायला मी गेलो नाही. शिक्षक झालो, खादी धरली, घरी सूत कातू लागलो. आठ वर्षांपूर्वी एकदा त्याच्याकडे सदरा टाकताना माझं लक्ष त्याच्या विलायती मशीनकडे गेलं. सूत माझं, विणकर इथला, आणि शिवण परदेशी यंत्राची? मन महिनाभर खात राहिलं. शेवटी त्याला तसं तोंडावर सांगितलं आणि भांडारातले तयार सदरे घेऊ लागलो. ते कोणत्या यंत्रावर शिवतात, हे मात्र कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात वाचनालयात मी भाषण केलं: न्हावी, चांभार, कल्हईवाला, शिंपी, गावचे कारागीर गावानंच जगवले पाहिजेत. टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत निम्म्यांचे कोट मुंबईचे होते, याचा मला संताप आला. दाराशी आपला शिंपी उभा होता, केस पांढरे झालेले. म्हणाला, "भाषण बेस व्हयनं, भाऊ. पन आठ वरीसमा मना ओट्यावर तुम्ही कव्हय उनात?"

दुसऱ्या दिवशी कोट घेऊन गेलो. दुकान जवळजवळ रिकामं. मशीनच्या जागी फरशीवर चार खुणा. गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून सोमवारी तो जळगावला जावयाकडे निघाला होता, गिरणीत काही काम मिळतं का बघायला. कोट उलटा करून त्यानं अस्तर उसवलं. दोन बोटं कापड आत तसंच, गर्द काळं. बाहेरचा कोट पार विटलेला.

"मशीन इकी टाकं," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. "हातशिलाई शे. आते तरी तुमना धर्म बाटाव नही ना, भाऊ?"

मी म्हणालो, जाऊ नका, मी माणसं आणतो.

"कोन कोन? नावे सांगा."

मी ओट्यावर बसून आठवत राहिलो. सभेतला एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणला, आणि एकही नाव छातीठोकपणे घेता येईना. तो टाके घालत राहिला. कोट त्यानं त्याच दिवशी पुरा केला. तेवढं एकच काम त्यानं मला वेळेवर दिलं. सोमवारी तो गेला.

आता सगळ्यांवर राग येतो. मुंबईचे कोट घालणाऱ्यांवर, टाळ्यांवर, तुमच्यावरसुद्धा, कारण तुम्हाला त्याला धरून राहणं इतकं सोपं जायचं. काल आठ वर्षांपूर्वीची डायरी काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात आहे, "तत्त्वासाठी शिंपी सोडला." हा कागद कुठे जायचा नाही, कोटाच्या आतल्या खिशातच राहील, म्हणून इथे लिहितो: आबा, त्या वर्षी त्यानं माझा सदरा सव्वा महिना ठेवला होता. मला वाट पाहायचा कंटाळा आला होता.